गाणं शिकावं की वाद्य? पुण्यात क्लास शोधणाऱ्यांसाठी

जून उजाडला की पुण्यात क्लासची चौकशी सुरू होते आणि संगीताच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच येतो: गाणं लावायचं की वाद्य? बहुतेक घरांत त्याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. मुलीचा आवाज गोड असला की गाणं, मुलगा टेबलावर ठेका धरत असला की तबला. हा निकष मला पटत नाही. सुरुवातीला गोड आवाजापेक्षा कान महत्त्वाचा. सूर चुकला तर तो शिकणाऱ्याला कळतो का, हे आधी बघावं. आणि कान तयार होण्याच्या बाबतीतच गायन आणि वादन यांच्या वाटा सर्वांत जास्त वेगळ्या आहेत.

पेटीवर किंवा सतारीवर स्वराची जागा डोळ्यांना दिसते. तार नीट लावलेली असेल आणि पडदा (सतारीच्या दांडीवरची स्वराची आडवी पट्टी) जागेवर असेल, तर पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याचाही गंधार (‘ग’) गंधारासारखा वाजतो. गळ्यात दाखवण्यासारखं काही नाही. स्वर आधी मनात ऐकू यावा लागतो, मग तो लावायचा, आणि तंबोऱ्यात मिसळला की नाही हे ठरवणाराही आपलाच कान. म्हणून गाण्याचे पहिले महिने बाहेरून पाहणाऱ्याला रिकामे वाटतात. नुसता सा, खर्जाचा म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, अलंकार म्हणजे ठरावीक क्रमाने घोटायचे स्वर. ‘अजून एकही बंदिश (रागातलं बांधलेलं गाणं) दिली नाही?’ असं पालक विचारतात. धीर धरावा, सगळी कमाई त्याच महिन्यांत होत असते.

गाणं शिकताना पेटीवर गळा टेकवायची सवय लागते, ती मात्र टाळा. प्रत्येक स्वराला पेटीचा आधार घेतला तर कानाला काम उरत नाही, शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. तंबोरा लावून गा. तो घरी नसला तरी मोबाईलवरचा चालतो.

सतारीची कसोटी वेगळी. भोपळा डाव्या पावलावर टेकवायचा, दांडी तिरकी धरायची आणि उजव्या तर्जनीत नखी घालून ‘दा’ आणि ‘रा’ हे दोन आघात सारख्या वजनाचे काढायचे, यातच बरेच दिवस जातात. डाव्या हाताच्या बोटांवर तारेचे वळ उठतात, दुखतं, मग घट्टे पडतात. त्यानंतर मींड: पडद्यावर तार दाबून बाजूला ओढायची, तिथल्याच पडद्यावरून पुढचे दोन-तीन स्वर काढायचे. इथे मात्र पडद्याचा आधार संपतो. तार किती ओढायची हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे गाणाऱ्याला पहिल्या दिवशी भेटलेली अडचण सतारियाला थोडी उशिरा भेटते, इतकंच.

पुढे जाऊन काय वाजवायचं-गायचं आहे, तेही आधी ऐकून ठेवावं. गायकाकडे शब्द असतो. आधी बडा ख्याल विलंबित म्हणजे संथ लयीत, मग जलद लयीतला छोटा ख्याल. बंदिशीचे बोल म्हणजे शब्द घेऊन संथ बोल-आलाप, जलद बोल-ताना. एकच ओळ दहा तऱ्हांनी म्हणता येते. वादकाकडे शब्द नाही, पण आघात आहे. सतारीवर स्वर छेडला की तो लगेच विरायला लागतो, गळ्यासारखा धरून ठेवता येत नाही. या मर्यादेतूनच वाद्याची स्वतःची भाषा घडली: संथ आलाप, मग लय धरणारा ‘जोड’, आणि शेवटी चिकारीच्या (बाजूच्या, साथीच्या) तारा छेडत वाजवायचा जलद ‘झाला’. मसीतखानी गतीचे (सतारीवरच्या संथ रचनेचे) बोल तोंडाने म्हणून बघा: दिर दा दिर दा रा, दा दा रा. त्रितालात (सोळा मात्रांच्या तालात) बाराव्या मात्रेपासून उचलायचं, म्हणजे स्वल्पविरामानंतरचा ‘दा’ बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. ज्याला या बोलांचा नाद लागतो, तो वाद्यातच रमेल. आणि ज्याला ‘पण गाण्याचे शब्द काय आहेत?’ असं विचारावंसं वाटतं, त्याने गाणं शिकावं. बासरी आणि व्हायोलिनवर स्वर लांबवता येतो, त्यामुळे ही वाद्यं गळ्याच्या जवळची. तबल्याचा विचार वेगळा करावा लागेल. लय पक्की होते, पण सूर शिकायला तो पुरेसा नाही.

आपल्याकडे दोन्हींमध्ये भिंत अशी नाहीच. विलायत खाँसाहेबांनी सतारीवर गायकी अंग, म्हणजे गळ्याचा ढंग आणलं आणि मैफलीत ते बंदिश गाऊनही दाखवत. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. चांगले वादनगुरू आजही ‘आधी गाऊन दाखव, मग वाजव’ असंच सांगतात.

पुण्यापुरतं बोलायचं तर हे शहर मुळात गाण्याचं. भास्करबुवा बखल्यांनी 1911 मध्ये भारत गायन समाज सुरू केला, विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये इथलं गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि 1953 पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी आपल्या गायक गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. परिणाम असा की गाणं, पेटी, तबला शिकवणारे जवळपास मिळतात. सरोद किंवा सारंगीसाठी शोधत फिरावं लागतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत गायनालाही आहेत आणि वादनालाही, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका.

रोजच्या अडचणी मात्र वाद्यालाच जास्त. सतार दुचाकीवरून नेणं जिकिरीचं, त्यामुळे क्लासला एक आणि घरी एक असावी लागते. मिरजेची चांगली सतार स्वस्त नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरते, तारा गंजतात, सतारीची जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा वरचा भाग घासून नीट करणं) अधूनमधून काढून घ्यावी लागते. गळ्याला यातलं काही नको, पण सर्दी झाली की रियाज बंद. घसा बसलेला असताना रेटून गाऊ नये, आवाजाला कायमची इजा होऊ शकते. वादक सर्दीतही बसू शकतो, अर्थात बासरीवाला सोडून.

माझं मत विचाराल तर, ज्याचं ठरत नाही त्याने गाण्यापासून सुरुवात करावी. निदान वर्षभर. पुढे सतार घेतली, बासरी घेतली, तरी तयार झालेला कान बरोबर येतो. उलट फक्त बोटांनी शिकलेला विद्यार्थी पडदा सुटला की अडखळताना मी पाहिला आहे.

याला अपवाद आहेत. बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल आणि आवाज फुटायला लागला असेल, तर त्या काळात गळ्यावर जोर नको. वाद्य द्या, हलक्या आवाजात थोडं गुणगुणू द्या. एखाद्या वाद्याच्या आवाजानेच कोणी वेडं झालं असेल, तर त्याला वर्षभर थांबवू नका, ती ओढ फार मोलाची असते. आणि चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी आपली बोटं आणि गुडघे बघून ठरवावं. मांडी घालून तासभर सतार धरणं जमणार नसेल तर गाणं खुर्चीत बसूनही शिकता येतं.

वाद्याचा क्लास लावणार असाल तर पहिल्याच भेटीत गुरूंना विचारा, ‘तुम्ही विद्यार्थ्याकडून गाऊन घेता का?’ हो म्हणाले, तर गाण्याचा वेगळा क्लास लावायची गरज नाही.