लंडन की गीसन : नाटक शिकायला बाहेर जाताना

एकांकिका स्पर्धांचा मोसम आटोपला की ठाण्यातल्या मुलांचे फोन सुरू होतात. ‘दादा, मास्टर्सला बाहेर जायचंय. लंडन करू की जर्मनी?’ आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, ‘का शिकायचंय’ ते सांगणारं एसओपी, शिफारसपत्रं हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना ऐकायचं असतं ते एवढंच, की दोन्हीकडून होकार आलेले असताना मी एक का सोडलं. मी लंडन सोडलं आणि जर्मनीतल्या गीसनला गेलो. दोन वर्षं तिथे काढून आता घरी आलोय, म्हणून लिहितो. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण लंडनवर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो.

गीसन अनेकांना नकाशावर शोधावं लागतं. फ्रँकफर्टपासून ट्रेनने तासाभराच्या आतलं विद्यापीठाचं गाव. 1982 मध्ये आंजेय विर्थ यांनी तिथे उपयोजित नाट्यशास्त्राचा विभाग सुरू केला. नाट्यसंहितेच्या पलीकडच्या रंगभूमीची मांडणी करणारे हान्स-थीस लेमान तिथेच शिकवायचे, ‘रिमिनी प्रोटोकॉल’ आणि ‘शी शी पॉप’सारखे गट तिथूनच निघाले. सकाळी वाचलेलं दुपारी रंगमंचावर करून बघायचं, ही तिथली रीत. मुंबई विद्यापीठात, कलिन्याला नाटक शिकताना जर्मन नाटककार ब्रेख्त आमच्या कानावर पडला तो विजयाबाई मेहता आणि वायमारहून आलेले फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सत्तरच्या दशकातल्या कामामुळे. त्यामुळे जर्मन रंगभूमीबद्दल ओढ होतीच, हे आधीच कबूल करतो.

लंडनची बाजू खरोखर भक्कम आहे. पहिल्या दिवसापासून तुम्ही बोलू शकता, भांडू शकता, तालमीत सूचना देऊ शकता. नाटकाच्या विद्यार्थ्याला ही साधी गोष्ट नाही. संध्याकाळी नॅशनल थिएटरला जा, ग्लोबच्या अंगणात स्वस्त तिकिटावर उभं राहून शेक्सपिअर बघा, नाही तर एखाद्या पबच्या माडीवर पन्नास खुर्च्यांसमोर चाललेलं नवं नाटक बघा. एका आठवड्यात जेवढं पाहून होतं तेवढं गीसनमध्ये महिन्याभरातही होत नाही. शिवाय 1932 पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत घरची आठवण आली तर जायला जागा आहे. आणि अभ्यासक्रम एका वर्षाचा. बाबा निवृत्तीला आलेले, घराचे हप्ते बाकी, अशा घरात ‘एक वर्ष’ हे दोन शब्द फार मोठे असतात.

पण ते वर्ष भुर्रकन जातं. माझा मित्र त्याच सुमारास लंडनला गेला. सप्टेंबरमध्ये पोहोचला, खोली आणि बँक खातं होईपर्यंत दिवाळी आली आणि मार्च उजाडला तेव्हा शेवटच्या प्रकल्पाचा विषय द्यायची वेळ. तो म्हणायचा, ‘माणसं ओळखीची व्हायला लागली आणि सामान बांधायला लागलो.’ गीसनची दोन वर्षं संथ होती. पहिले सहा महिने तर मी नुसता ऐकत होतो. दुसऱ्या वर्षी मात्र माझं काम माझं वाटू लागलं.

पैशांचं थोडक्यात. लंडनला परदेशी विद्यार्थ्याची फी साधारणपणे वीस हजार पौंडांच्या वर जाते. आरोग्य अधिभार वेगळा, वर्षाला 776 पौंड. राहण्याखाण्याचे पैसे खात्यात सलग 28 दिवस दाखवायचे. आमच्या घरचे पैसे पतपेढीतल्या ठेवींत अडकलेले, त्यामुळे ते 28 दिवस जुळवताना बाबांची झोप उडाली होती. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सत्राला 1500 युरो घेतात, पण गीसन हेसेन राज्यात आहे. तिथे सत्राचं वर्गणीवजा शुल्क भरायचं. वर्षाचे 11,904 युरो मात्र आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात. ते आपलेच, दरमहा 992 याप्रमाणे परत मिळतात. त्यातूनच दीडशे युरोंच्या आसपास विम्याला जातात. रक्कम एकदम उभी करणं जड जातं हे खरं, पण ती गेली असं वाटत नाही.

तरीही पैशांवरून माझा निर्णय झाला नाही. शैक्षणिक कर्ज मंजूर होतं आणि मी लंडनच्या बाजूने जवळजवळ झुकलो होतो. अडलं ते व्हिसाच्या अटींतल्या एका ओळीवर. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. कॅफेत कप विसळा, गोदामात खोकी उचला, चालतं. पण स्वयंरोजगार चालत नाही आणि कलाकार म्हणून रंगमंचावर उभं राहणंही चालत नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असेल तर सूट आहे, बाकी नाही.

ज्याला ही अट किरकोळ वाटते त्याने बहुधा पहिली ‘नाईट’, म्हणजे प्रयोगाचं मानधन, घेतलेली नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना एका व्यावसायिक नाटकाच्या गर्दीच्या प्रवेशात उभा राहायचो. गडकरी रंगायतनला प्रयोग संपला, रंग उतरवत होतो, आणि व्यवस्थापक काकांनी विंगेत येऊन एक पांढरं पाकीट हातात ठेवलं. वर पेन्सिलीने माझं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं. आत दोनशे रुपये. ते पाकीट मी घरी नेऊन आईला दिलं आणि त्या दिवसापासून आईने ‘नाटक सोड’ म्हणणं सोडलं. ते पाकीट अजून तिच्या कपाटात आहे. नाटक हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळतात, हे आमच्या घरात त्या पाकिटाने ठरवलं. मग नाटक शिकायलाच कर्ज काढून जायचं आणि तिथे बाकी सगळं करायला मोकळीक, फक्त तेवढंच करायचं नाही, हे मला गिळता येईना.

मित्राच्या बाबतीत तर ते डोळ्यांसमोर घडलं. दक्षिण लंडनमधल्या एका छोट्या गटाने त्याला भूमिका दिली, दर प्रयोगाला थोडे पौंडही देऊ केले. त्याने संस्थेच्या सल्ला विभागात विचारलं, तिथून ‘करू नकोस’ असं उत्तर आलं. त्या भूमिकेत दुसरा मुलगा उभा राहिला आणि माझा मित्र तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसला. रात्री त्याचा फोन आला. बोलला फारसं नाही, पण सगळी वाक्यं पाठ होती त्याची.

खरं ते सांगायला हवं. अभ्यासक्रम संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो आणि त्यावर अभिनय करता येतो. 31 डिसेंबर 2026 पर्यंतच्या अर्जांना तो दोन वर्षांचा. 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा. जर्मनीतही शिक्षणानंतर काम शोधायला दीड वर्षच देतात. म्हणजे नंतरच्या काळात दोघांत फारसा फरक उरत नाही. फरक शिकतानाचा आहे, आणि मला वाटतं नाटकात शिकणं आणि करणं वेगळं काढताच येत नाही. कुणाला हे पटणार नाही, त्यांचंही चुकत असेल असं नाही.

जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. ते काम रंगमंचावरचं असलं तरी नोकरी म्हणून केलेलं असेल तर या हिशेबात बसतं. स्वतंत्र कलाकार म्हणून बिल लावायचं झालं तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही. पण तिथल्या शहर नाट्यगृहांत ‘स्टाटिस्टेरी’ असते, म्हणजे आपला मॉब, गर्दीतली माणसं. मी एका ऑपेरात सैनिक होतो. भाला धरून उभं राहायचं, तिसऱ्या अंकात पडायचं. दर संध्याकाळचे ठरलेले पैसे. पहिल्या पगारपत्रकाचा फोटो आईला पाठवला तेव्हा तिने विचारलं, ‘नाईट मिळते का रे तिकडेही?’

आता जर्मनीची अडचण, आणि ती लहान नाही. भाषा. दीड वर्ष शनिवार-रविवार मी ठाण्याहून काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात गेलो. लोकलच्या दारात उभं राहून ‘डेर, डी, डास’ ही नामांआधीची लिंगदर्शक उपपदं घोकली. बी-टू ही वरची पातळी झाल्यावर वाटलं, आली भाषा. तिथे पहिल्या चर्चासत्रात अर्धं डोक्यावरून गेलं. विनोद तर वर्षभर उशिराच कळायचे. ज्याला निव्वळ अभिनय शिकायचाय, ज्याचं सगळं भांडवल वाचा आहे, त्याला मी गीसन सुचवणार नाही. जर्मन अभिनयशाळांत निवड चाचणीच जर्मनमध्ये होते. त्याने लंडनलाच जावं, एक वर्ष का होईना. दिग्दर्शन, ड्रामाटुर्गी (संहिता आणि प्रयोगाच्या रचनेवरचं काम), स्वतःचं काम स्वतः उभं करणं यात रस असेल तर मात्र भाषेसाठी दिलेली दीड वर्षं वसूल होतात, निदान माझी तरी झाली.

कारण ती भाषा तुम्हाला तालमीच्या खोलीत नेते. सार्वजनिक पैशांवर चालणारी सुमारे 140 नाट्यगृहं त्या देशात आहेत. बहुतेकांचा स्वतःचा नटसंच, स्वतःचे ड्रामाटुर्ग, स्वतःचे शिंपी आणि सुतार. त्यांत ‘हॉस्पिटान्झ’ म्हणून एका नाटकाच्या तालमींना पहिल्या दिवसापासून बसता येतं. पैसे बहुधा नाहीत, पण दार उघडं असतं. मी बसलो ते सहा आठवडे रोज सकाळी दहा वाजता. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी आखलेलं नेपथ्य, आणि पहिल्या रांगेत संहिता मांडीवर घेऊन बसलेली साठीची बाई. ती ‘सूफ्लूझे’, म्हणजे प्रॉम्प्टर. नट अडखळला की ती वाक्य सांगायची, आणि नट नुसता विचारात थांबलाय की खरंच विसरलाय हे ती त्याच्या श्वासावरून ओळखायची. ‘कसं कळतं?’ असं मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. ती म्हणाली, ‘विसरलेला माणूस श्वास धरून ठेवतो.’ आमच्या तालमी महापालिकेच्या शाळेत संध्याकाळी सातनंतर, रखवालदार चाव्या वाजवेपर्यंत. तिथेही विंगेतून वाक्यं दिलीच आहेत मी. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिष्यवृत्तीबद्दल विचारतात म्हणून सांगतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, 2,800 तास. नाटकाची मुलं इथे हिशेब न ठेवल्यामुळे अडकतात, तेव्हा प्रयोगांच्या आणि तालमींच्या नोंदी आजपासून ठेवा. जर्मनीसाठी डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या रंगमंचीय कलांच्या स्वतंत्र शिष्यवृत्त्या असतात. आणि भारतातल्या पदव्यांसाठी एपीएसचं, म्हणजे कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र 2022 च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या सत्राचा विचार असेल तर पावसाळ्यात जागं होऊन उपयोग नाही.

अजून ठरत नसेल तर रविवारी संध्याकाळी मी गडकरीच्या बाहेर, मासुंदा तलावाच्या बाजूला असतो. लंडनचं पक्कं असेल तर मित्राचा नंबर देतो, तो मोकळेपणाने बोलेल. जर्मनचं ए-वन, म्हणजे पहिली पातळी, लावलंत तर पिशवी घेऊन या, माझ्या सगळ्या वह्या अजून आहेत.