घरघंटी : सोळा महिने वापरून झाल्यावर

पीठ उत्तम येतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की यंत्रच वाईट आहे. यंत्राचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आमची घरघंटी एक एचपीची. लाकडी दिसणारं कपाट, खाली चाकं, सोबत सहा जाळ्या. डोंबिवलीत एका प्रदर्शनात 21,000 रुपयांना घेतली. तिथला विक्रेता मोटर, वायंडिंग, वॉरंटी हे सगळं आमच्या ह्यांच्याकडे बघून बोलला. माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं, "वहिनी, तुम्ही फक्त बटण दाबायचं." पैसे गेले माझ्या पतपेढीच्या बोनसातून. घरी येताना हे म्हणाले, "बरं झालं, तुझा त्रास वाचला."

माझा कुठला त्रास, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

1999 साली लग्न झालं तेव्हापासून आमच्याकडे दळण आणणं हे ह्यांचं काम. गहू निवडायचे मी, उन्हं दाखवायची मी, डबा भरायची मी. पण डबा स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवून गिरणीत न्यायचा आणि आणायचा तो ह्यांनी. रविवारी दहाला निघायचे, बाराला उगवायचे. गिरणी घरापासून चार मिनिटांवर. मधल्या वेळात एक कटिंग, एक वडापाव, गिरणीवाल्याचा पेपर आणि तिथे जमलेले आणखी चार डबेवाले नवरे. भुवयांवर पीठ घेऊन परत आले की आई आतून म्हणायच्या, "दमला गं तो, पाणी दे आधी." घरकामातलं ह्यांचं म्हणावं असं ते एक काम होतं. यंत्र घरात आलं आणि तेही सुटलं. माझ्याकडची मात्र सगळी राहिली, आणि त्यात दळणं वाढलं.

"फक्त बटण दाबायचं" म्हणजे काय, तेही सांगते. बटण दाबायच्या आधी धान्याप्रमाणे जाळी बदलायची. पोळीच्या कणकेची बारीक, भाजणीची जरा मोठी, डाळ भरडायची त्याहून मोठी. जाळी नवी असताना खाचेत बसता बसत नाही, अंगठा सोलून निघतो. मग पिठाच्या डब्याला कापडी पिशवी नीट लावायची. ती एका बाजूनं जरी सैल राहिली तरी ड्राय बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरा थर. तासाला सात-आठ किलो गहू होतात, तोवर घरात कुणाचं काही ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला दार लावून ओट्याशी उभं राहावं लागतं. पीठ कोमट येतं, लगेच डब्यात भरलं तर घाम धरतं, म्हणून परातीत पसरायचं. मग ब्रशनं आतला भाग झाडायचा. माझ्या अंदाजानं मूठभर पीठ आत राहतंच.

ह्या मूठभर पिठानं गेल्या आषाढीला केवढं रामायण झालं. वरई आणि राजगिरा दळायचा होता. मी दोनदा ब्रश फिरवला, तरी आईंनी बोट फिरवून दाखवलं. गव्हाचा कण. उपवास मोडतो. पूर्वी हा प्रश्न घरात यायचाच नाही. गिरणीवाला एकादशीच्या आधी एक दिवस उपवासाचंच दळायचा आणि त्याच्यावर आई डोळे मिटून विश्वास ठेवायच्या. (तो यंत्र किती झाडायचा हे कुणीही कधी बघितलेलं नाही.) शेवटी पहिली वाटीभर वरई दळून मी ती चिमण्यांना टाकली आणि मग उरलेलं दळलं. हे हॉलमधून म्हणाले, "अगं, मॅन्युअल वाच ना."

मॅन्युअल त्यांनी वाचलेलं आहे. यंत्रातलं त्यांना कळत नाही असं मुळीच नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी तेच घालतात, स्कूटरचा प्लग तेच साफ करतात, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. पण ज्या यंत्रातून पीठ बाहेर पडतं ते यंत्र त्यांना दिसतच नाही बहुतेक.

आता गुण. ज्वारीसाठी घरघंटीला तोड नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. पूर्वी पाच किलो एकदम दळून आणलेलं शेवटी शेवटी उकड काढल्याशिवाय वळायचंच नाही. आता शनिवारी एक किलो दळते. भाकरी परातीत आपोआप गरगर फिरते आणि टम्म फुगते. ह्या एका गोष्टीचे मी पूर्ण गुण देते. थालीपिठाची भाजणीही हवी तेवढी जाडसर मिळते.

पैशाचा हिशेब मात्र फसवा आहे. आम्हाला महिन्याला बारा किलो कणीक लागते. आमच्या गिरणीत किलोला 8 रुपये, म्हणजे 96 रुपये. 21,000 वसूल व्हायला अठरा वर्षं. विजेचं विशेष नाही, एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, तासाला पाऊण युनिट. माझा वेळ ह्या हिशेबात कुठेच धरलेला नाही. लेक अर्थशास्त्र शिकते, तिनं एकदा जेवताना केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीतले आकडे सांगितले. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा 88. हे म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी? मी सहज करत असेन तेवढं." ती म्हणाली, "बाबा, तुमची गिरणी बंद झाली आता."

हेच यंत्र मी कराडजवळ माझ्या मावसबहिणीकडेही बघितलंय. तिला ते जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून अनुदानावर मिळालं, तिच्या नावावर. पडवीत ठेवलंय, वाडीतले लोक दळण घेऊन येतात, पैसे ती बरणीत टाकते. आणि गंमत अशी की तिथे गव्हाची पोती उचलतात दाजी. पिशवी झटकतात, जाळीसुद्धा बदलतात. मी बघतच राहिले. म्हटलं, "दाजी, तुम्ही?" तर म्हणाले, "धंदा हाय न्हवं."

सेवेबद्दल लिहिलंच पाहिजे. सातव्या महिन्यात खडा जाऊन जाळी फाटली. (आईंचं म्हणणं, "निवडले नसतील नीट.") तक्रार करायला फोन केला तर नोंदणी ह्यांच्या नंबरवर, ओटीपी ह्यांच्या फोनवर, आणि हे लोकलच्या गर्दीत. माणूस चार दिवसांनी आला. दारातच विचारलं, "साहेब आहेत का?" नाहीत म्हटल्यावर आत येऊन त्यानं ह्यांना फोन लावला आणि सांगितलं, "सर, जाळी फाटलीय." ती फाटलेली जाळी तेव्हा माझ्या हातात होती. हे तिकडून म्हणाले, "असं का? बरं, मिसेसना सांगा."

दिवाळीनंतर एका रविवारी मी बारा किलो गहू डब्यात भरून डबा चपलांच्या स्टँडपाशी नेऊन ठेवला. आई म्हणाल्या, "घरात गिरणी असताना बाहेर?" मी म्हटलं, "ज्वारी आणि भाजणी घरी दळीन. गहू मला झेपत नाहीत." ह्यांनी वर्तमानपत्रातून मान काढली, डब्याकडे बघितलं आणि वाद न घालता स्कूटरची किल्ली घेतली. मला वाटतं त्यांनाही ती गिरणी आठवत होती. वर्षभर रविवारी दहा वाजता घरात नुसतेच फिरत असायचे. साडेबाराला आले, भुवया पांढऱ्या.

तर घ्यायची असेल तर घ्या. ज्वारी-बाजरी खाणाऱ्यांनी जरूर घ्या, नुसत्या कणकेसाठी घेऊ नका. ठेवायला दाराला कडी असलेली जागा हवी. एक बारीक जाळी जादा घेऊन ठेवा. आणि वॉरंटी कार्डावर जो रोज दळणार त्याचा फोन नंबर घाला. मला तो नंतर बदलून घ्यायला तीन आठवडे लागले. अर्जात 'ग्राहकाशी नाते' असा रकाना होता. त्यात मी 'पत्नी' लिहिलं, आणि 'बदलाचे कारण' ह्यापुढे लिहिलं, 'पीठ मी दळते'. अर्ज परत आला. कारण समर्पक नाही म्हणे, आणि मूळ ग्राहकाची सही हवी.