बँकॉकचं नदीकाठचं हॉटेल, सात महिन्यांनंतर

कंपनीच्या कामासाठी जूनपासून दर महिन्याला पाच-सहा दिवस बँकॉकला जातोय आणि दर वेळी चाओ फ्रायाकाठच्या त्याच पंचतारांकित हॉटेलात उतरतोय. नाव देत नाही, पुढे थोडं रडगाणं आहे.

आधी पैशांचं. बुकिंग करताना भाड्यापुढे अधिकची दोन बारीक चिन्हं असतात, पहिल्यांदा माझं तिकडे लक्षच गेलं नाही. १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. म्हणजे ५००० बाथची खोली ५८८५ ला पडते. जेवणाला, धुलाईलाही तोच हिशोब. दोन शर्टांच्या धुलाईचं बिल पाहून मला घाम फुटला. मागच्या सोईत (तिथे गल्लीला सोई म्हणतात) एक बाई किलोवर कपडे धुऊन घड्या घालून देतात. आता झुंबराखालून मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर पडतो. दरवान तितक्याच अदबीने दार उघडतो.

पैसे वसूल होतात ते बोटीत. हॉटेलची फुकट बोट साथोर्नच्या धक्क्यावर सोडते, तिथून सफान ताक्सिनचं स्कायट्रेन स्टेशन दोन मिनिटांवर. संध्याकाळी सहाला रस्त्यावर टॅक्सी जागची हलत नाही, तेव्हा आपण वारा खात परततो. पावसाळ्यात पाण्यावरून जलपर्णीचे गठ्ठे वाहत येतात. पुणेकराला अगदी घरच्यासारखं वाटतं.

मी शाकाहारी. 'मांगसाविरात' म्हटलं की मांस येत नाही, पण माशाचा सॉस, नाम प्ला, कुठून तरी डोकावतोच. 'जे' म्हणालो तर तो जातो, पण कांदा-लसूणही जातो! तिसऱ्या खेपेपासून नाश्त्याच्या काउंटरवरचा आचारी मला पाहिला की निराळी कढई काढतो. मिनीबारचं न प्यायलेलं पेय मात्र बिलात दोनदा लागलं. दोन्हीदा कमी केलं, पण विमान गाठायच्या घाईत ती हुज्जत नको वाटते. सप्टेंबरात गालिच्याला कुबट वास होता, तेव्हा खोली दहा मिनिटांत बदलून दिली.

बाथरूममध्ये जेट स्प्रे आहे. ज्याला कळायचं त्याला कळेल.

जास्त पैसे मोजून नदीकडची खोली घेणार असाल तर वरचा मजला मागा. चौथ्या मजल्यावर लांबशेपटी बोटींच्या उघड्या इंजिनांनी मला पहाटेच उठवलं. जानेवारीसाठी अठरावा सांगून ठेवलाय.