मॅन्डिलियन की थिएटर ऑफ ट्रॅजेडी?

दोन्ही अल्बम 1995 चे, दोन्हींत गिटार डूमसारखी (मेटल संगीताचा संथ, काळोखा प्रकार) जड आणि संथ, दोन्हींत बाईचा आवाज पुढे. साम्य इथेच संपतं.

नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीच्या पहिल्या, बँडच्याच नावाच्या अल्बममध्ये लिव्ह क्रिस्टीनचा नाजूक सूर आणि रेमंड रोहोनीची घशातली गुरगुर यांचा संवाद चालतो. शब्द मुद्दाम जुन्या वळणाच्या इंग्रजीत, मागे पियानो. नाटकी आहे, पण ते नावातच सांगितलंय म्हणा! पुढे या जोडआवाजाची इतकी नक्कल झाली, की आज ऐकताना थोडं शिळं वाटतं.

नेदरलँड्सच्या द गॅदरिंगचा ‘मॅन्डिलियन’ मात्र अजून ताजा. गायिका आनेके फान गीर्सबर्गनचा बँडसोबतचा हा पहिलाच अल्बम. ती कुजबुजत नाही, छाती भरून गाते. गुरगुर औषधालाही नाही. ‘सँड अँड मर्क्युरी’ हे जवळपास दहा मिनिटांचं गाणं हेडफोन लावून ऐका. बराच वेळ नुसती वाद्यंच, आणि तिचा आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

डूमचा काळोखच हवा असेल तर नॉर्वेवाले. मी मात्र ‘मॅन्डिलियन’च पुन्हा लावतो.