शेणाच्या अनुदानापायी ३४,२८० रुपये गेले

लिहायला लाज वाटते. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, कारभारणीला वाटतंय अकराशे ऐंशीच गेले.

चौदा गाई आहेत. पावसाळ्यात उकिरड्याचं पाणी ओढ्याला जातं, त्यावरून खालच्या वस्तीने ग्रामसभेत दोनदा बोंब मारलेली. नोटीस येणार, अशी कुजबुज होतीच. नेमका तेव्हाच फोन आला. "दादा, गोबरधनमधून बोलतोय. शेणखत व्यवस्थापनाला २,४०,००० मंजूर झालेत. नाही घेतले तर जलप्रदूषण कायद्याखाली दंड." आता शेणापासून गॅस-खत करायची सरकारी गोबरधन योजना खरी, १९७४ चा कायदाही खरा. वर त्याने माझ्या गाईच्या कानातल्या सरकारी बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे सांगितले. मग सरकारी माणूस नाही असं कसं म्हणणार? (गाय विकायला काढली तेव्हा बिल्ल्यासकट फोटो ग्रुपवर मीच टाकला होता. हे नंतर आठवलं. तुमचे असतील तर आजच काढा.)

नोंदणी १,१८०. मग 'लाभार्थी हिस्सा' २३,६००. मग 'ना हरकत' ९,५००.

हिस्सा भरताना कोड स्कॅन केला, तर नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. अंगठा थांबला होता माझा. विचारलंसुद्धा. म्हणतो, "ते वेंडरचं खातं, दादा. सरकारी खात्यातून गेलं की तीन महिने लागतात." आणि हेच मला पटलं! पत्रात 'शेनखत' छापलेलं, ते वाचून मी हसलो होतो. हसलो आणि पैसे भरले. चुलतभावाच्या गोबरगॅसला १४,३५० मिळाले होते, तेही आधी खड्डा, मग बांधकाम, मग साहेब येऊन फोटो काढून गेल्यावर. मला हे तोंडपाठ. अनुदान आधी कधीच मिळत नाही आणि त्यासाठी कोणाच्या फोनवर पैसे भरावे लागत नाहीत.

मी अडाणी नाही, डेअरीचा सगळा हिशेब माझ्याकडे असतो. हावरट म्हणणाऱ्याने आठ दिवस चौदा गाईंचं शेण ओढून बघावं.

तक्रारीची तर वेगळीच तऱ्हा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पण तुम्ही भरलेच कशाला?" मग म्हणे सायबरचं काम जिल्ह्याला. जिल्ह्याला गेलो, तर आधी तालुक्याची पोच आणा. बँकेत साहेब जेवायला गेलेले. साडेतीनला उगवले आणि म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. तालुक्याच्या कार्यालयात सांगितलं, अशी योजनाच आमच्याकडे नाही, तरीपण अर्ज द्या, तीन प्रतींत. नसलेल्या योजनेचा अर्ज! झेरॉक्स आणि एसटी धरून वर ४६० गेले, ते या आकड्यात धरलेले नाहीत. कोणाचाही आवाज चढला नाही, कोणी खुर्चीतून उठलं नाही. चोर तरी मला 'दादा' म्हणत होता.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, त्यावर मी पाचव्या दिवशी फोन केला. तोवर पैसे पुढे सरकलेले. तुम्ही त्याच तासाला करा, लाज नंतर वाटू द्या. आणि कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

परवा नवाच फोन आला. बाईचा आवाज, एकदम गोड. माझे ३४,२८० परत मिळवून देणार आहे म्हणे, फक्त ९९९ फाईल चार्ज. आकडा तिला बरोबर माहीत होता. घरी नाही माहीत, तिला माहीत.