टॉलस्टॉयची ‘रिसरेक्शन’: घ्याल तर अख्खी घ्या

कादंबरी १८९९ची. तिचा सगळा डोलारा निकालपत्रात लिहायच्या राहून गेलेल्या चार शब्दांवर उभा आहे. कात्यूशा मास्लोवावर एका व्यापाऱ्याला विष देऊन मारल्याचा आणि लुटल्याचा खटला आहे. तिने दारूतून पूड दिली ती झोपेची समजून, हे ज्यूरीला पटलेलं असतं. तरी उत्तरात ‘लुटीचा हेतू नव्हता’ एवढंच येतं. ‘जीव घेण्याचा हेतू नव्हता’ हे राहतं. असं जोडता येतं ही एरवीची सूचना न्यायाधीश नेमकी त्या दिवशी विसरतो. शिक्षा: चार वर्षं सक्तमजुरी, सैबेरिया. चूक कोर्टाच्या लक्षात येते, निकाल बाजूला ठेवायची तरतूदही असते, पण तिघांपैकी एक न्यायाधीश अडून बसतो. ज्यूरीतला नेख्ल्यूदोव हाच पूर्वी तिला नादी लावून, हातात शंभर रूबल कोंबून निघून गेलेला.

म्हणून संक्षिप्त आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका. कोर्टाचं कामकाज आणि सिनेटमधलं (म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयातलं) अपील कापलं की उरते नुसती पश्चात्तापाची प्रेमकथा. पूर्ण कादंबरी तीन भागांची, १२९ प्रकरणांची आहे. प्रत हातात आली की पहिल्या भागातली ३९वं आणि ४०वं प्रकरण उघडा. तुरुंगातल्या प्रार्थनेचं हे बोचरं वर्णन रशियन सेन्सॉरने उडवलं होतं. ते सविस्तर असेल तरच घ्या.

इंग्रजीतून पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी अँथनी ब्रिग्जचा पेंग्विनचा अनुवाद (२००९) घ्यावा, संवाद मोकळे आहेत. लुईझ मॉडचा जुना अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. वाक्यं जड आहेत, पण विश्वासू. नावांनी गोंधळू नका: कात्यूशा, कातेरीना मिखाइलोवना, मास्लोवा, ल्युब्का ही एकाच बाईची नावं.

पुस्तकाचा कळस तुरुंगातल्या भेटीत आहे. नेख्ल्यूदोव लग्नाची तयारी दाखवतो आणि ती उसळून म्हणते की माझ्या जिवावर तुला स्वतःचा उद्धार करून घ्यायचा आहे. दयेतला स्वार्थ इतका उघडा पाडणारं दुसरं पान क्वचितच सापडेल. पुढे झारकडून शिक्षा सौम्य होते, तरी ती त्याच्याशी लग्न न करता सिमोन्सन या राजकीय कैद्याबरोबर राहायचं ठरवते.

शेवट मात्र कच्चा आहे. तिच्यातला बदल दारू सोडण्यातून, इस्पितळातल्या कामातून, राजकीय कैद्यांच्या सहवासातून हळूहळू दिसतो. त्याचा बदल शेवटच्या प्रकरणात मत्तयच्या शुभवर्तमानातल्या उताऱ्यांवर उरकला आहे.