खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी ३० मिलीअँपचा आरसीडी प्लग (करंट गळला की लाईन तोडणारा), आठ महिने वापरून लिहितोय

आधी हा का घेतला ते सांगतो. सम्पमध्ये (टँकखालची फिल्टरची टाकी) हात घालून स्किमरचा (फेसातून घाण काढणारं यंत्र) कप नीट बसवत होतो, अंगठ्याला बारीकसं कापलेलं होतं आणि नेमकं तिथेच मुंगी चावल्यासारखं झालं. मला वाटलं मीठ झोंबतंय, खारं पाणी जखमेला झोंबतंच. पण दुसरा हात लाईटच्या पत्र्याच्या स्टँडला टेकला की व्हायचं आणि हात काढला की बंद, दोनदा तसंच झालं तेव्हा लक्षात आलं की हे मीठ नाही, करंट आहे. लगेच मेन बंद केला.

शोधल्यावर काय निघालं तर हीटरची वायर. पाण्याच्या रेषेपासून वायरवर पांढरा कडक थर चढत चढत थेट बोर्डाच्या तोंडापर्यंत गेलेला, पिन उपटून बघितली तर पितळ मुळाशी हिरवं पडलेलं आणि आजूबाजूचं मीठ हाताला ओलसर चिकट लागत होतं. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणून कोरडं दिसलं तरी करंट वाहून नेतं. आणि एवढं होऊन एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) ढिम्म, कारण त्याचं कामच वेगळं आहे, १६ अँपचा एमसीबी १६ अँपच्या वर लोड गेला किंवा शॉर्ट झालं तरच पडणार, आणि माणसाचा हात आखडून वायर सुटत नाही अशी वेळ यायला १० मिलीअँपच्या आसपास पुरतात. म्हणजे "घरात एमसीबी आहे ना" म्हणून निर्धास्त असाल तर प्लीज राहू नका. त्यात आपलं पाणी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मिठाचं, नळाच्या साध्या पाण्यापेक्षा साधारण शंभर पट करंट वाहून नेणारं.

आरसीडी काय करतो तर फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का हे सतत बघत बसतो. मधे कुठे गळला, पाण्यातून, हातातून, जमिनीकडे कुठेही, तर फरक पडतो आणि ३० मिलीअँपवाला १५ ते ३० च्या मधे लाईन तोडतो. गळती मोठी, १५० च्या घरात असेल तर ४० मिलीसेकंदात. अमेरिकेत यालाच जीएफसीआय म्हणतात, तो ५ मिलीअँपच्या आसपासच उडतो. घरच्या डीबीमध्ये (मेन बोर्डात) ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे बोर्डात बसणारा आरसीडी, असेल तर उत्तमच, पण मला टँकपुरता वेगळा हवा होता कारण फ्रिज किंवा गीझरच्या गळतीने टँक बंद पडायला नको.

आता मुख्य मुद्दा, जो मला कोणी आधी सांगितला असता तर फार बरं झालं असतं. प्लगमध्ये बसणारे आरसीडी दोन प्रकारचे मिळतात. एक असा की लाईट गेली की तोही ऑफ होतो आणि लाईट आली तरी रिसेट दाबेपर्यंत ऑफच राहतो. हा ड्रिल, कटर असल्या मशीनसाठी योग्य, लाईट आल्यावर पातं अचानक फिरायला लागू नये म्हणून तसा बनवलेला असतो. दुसरा लॅचिंग, लाईट आली की आपोआप चालू, फक्त गळती झाली तरच पडतो. मी पहिल्यांदा जो घेतला (नाव लिहीत नाही) त्याच्या खोक्यावर याबद्दल एक शब्द नव्हता. रात्री लाईट गेली, थोड्या वेळाने आली, घरातलं सगळं चालू झालं आणि टँक मात्र सकाळपर्यंत तसाच. उठून बघतो तर पाणी एकदम शांत, तापमान २२ वर आलेलं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. एक टँग (समुद्री मासा) गेला, चार वर्षं सांभाळलेला होता. अजून त्या कोपऱ्याकडे बघितलं की वाईट वाटतं.

म्हणून कुठलाही घ्या पण टँकला लावायच्या आधी टेबल लॅम्प लावून बघा, भिंतीचं बटण बंद करा, दहा आकडे मोजा, परत चालू करा. लॅम्प स्वतःहून पेटला तर टँकसाठी चालेल, नाही पेटला तर बदलून आणा.

आत्ता वापरतोय तो लॅचिंग आहे आणि टाईप ए आहे, हे पण बघून घ्या, कारण एलईडी लाईटचे ड्रायव्हर आणि डीसी पंपांचे अडॅप्टर यांच्यातली गळती सरळ एसी असेलच असं नाही आणि टाईप एसीला ती नीट दिसत नाही. बनावट दणकट आहे, टेस्टचं बटण जरा कडक आहे पण टक्कन आवाज येऊन पडतो, आठ महिन्यांत एकदाही अडकला नाही. तक्रार एवढीच की अंग इतकं रुंद आहे की बाजूचं सॉकेट झाकलं जातं, आणि चालू-बंद दाखवणारी खिडकी इतकी छोटी की अंधारात टॉर्च घेऊनच बघावं लागतं. वॉटरप्रूफ नाही, त्यामुळे सम्पच्या कपाटात अजिबात ठेवू नका, मी भिंतीवर टँकच्या पाण्यापेक्षा वर लावलाय.

मी दोन घेतले. एकावर रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा) आणि एक हीटर, दुसऱ्यावर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप), स्किमर, लाईट आणि दुसरा हीटर. एक पडला तरी पाणी हलत राहतं. शिवाय प्रत्येक अडॅप्टरची स्वतःची थोडी थोडी गळती असतेच, सगळे एकावर लावले तर बेरीज होऊन उगाच ट्रिप होतो.

सोबत टायटॅनियमचा अर्थिंग प्रोब (पाण्यात सोडून अर्थला जोडलेली सळई) पण लावला, स्टील गंजतं आणि तांबं कोरल-कोळंबीला विष म्हणून टायटॅनियम. यावर लोकांचे वाद होतात पण माझं मत पक्कं आहे की आरसीडी असेल तरच प्रोब लावा. नुसता प्रोब असेल तर बिघाड झाल्यावर करंट पाण्यातून वाहतच राहतो आणि कुठलीच लाईन तुटत नाही, आणि अर्थ केलेल्या पाण्यात एक हात असताना दुसरा हात चुकून फेजला लागला तर करंटला तुमच्यातून सरळ रस्ता मिळतो. उलट नुसता आरसीडी असेल तर पाणी लाईव्ह होऊनही तो गप्प बसू शकतो, करंटला जमिनीकडे जायला वाटच नसते आणि ती वाट शेवटी तुमचा हात होतो. दोन्ही असले की हात घालायच्या आधीच पडतो.

पाचव्या महिन्यात नेमकं हेच झालं. दुपारी रिटर्नवाला आरसीडी पडला, रिसेट केला, परत पडला. सगळे प्लग काढले आणि एकेक लावत गेलो, रिटर्न पंप लावला, काही नाही, हीटर लावला की टक्क. हीटर बाहेर काढून उजेडात धरला तर काचेच्या आत तळाशी बोटाच्या पेरभर पाणी, वरच्या रबरी टोपीतून झिरपलेलं. मी त्या दिवशी संध्याकाळी पाणी बदलणार होतो, दोन्ही हात कोपरापर्यंत आत असते. फार वेळ नुसता तो हीटर हातात धरून उभा होतो.

आरसीडी लावला म्हणून बाकीचं सोडू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर त्याला फरक कळत नाही. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. वायरीवरचं मीठ दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, आधी प्लग काढून. आणि पाणी कमी करायच्या आधी १५-२० मिनिटं हीटर बंद, गरम काच उघडी पडून परत पाणी लागलं की तडकते.

एकच उणीव राहते, पडल्यावर ओरडायला यात काही नाही. त्यासाठी मी लाईट गेल्यावर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप भिंतीत न लावता रिटर्नवाल्या आरसीडीतून सप्लाय येणाऱ्या सॉकेटला लावलाय, म्हणजे लाईट गेली काय किंवा आरसीडी पडला काय, तो सुरू होतोच. रात्री बुडबुड ऐकू आली की उठून टॉर्च घेऊन त्या खिडकीत बघतो.